क्योटोपेक्षा मॉन्ट्रियल बरा

महोदय,
परवा एसीत गॅस भरायला आलेला मेकॅनिक कुरकुरत होता, 'आर-२२ महाग झालाय साहेब, नवीन मशीनच घ्या.' ही ओझोनचा थर विरवणारे असे वायू हद्दपार करणाऱ्या १९८७च्या मॉन्ट्रियल कराराची करामत! बाहेर राहणाऱ्या देशांशी त्या वायूंचा व्यापार बंद आणि गरीब देशांना निधी, म्हणून तो पाळला गेला. उलट तापमानवाढ रोखायला कार्बन उत्सर्जन कमी करण्याच्या १९९७च्या क्योटो कराराला अमेरिकेने मान्यताच दिली नाही, कॅनडाने २०११मध्ये अंग काढून घेतलं; कोणाला काही भोगावं लागलं नाही. नंतरच्या पॅरिस हवामान करारात तर प्रत्येकाने आपलं लक्ष्य आपणच ठरवायचं, म्हणजे परीक्षार्थीनेच प्रश्नपत्रिका काढायची! कोळसा सोडणं गॅस बदलण्याइतकं सोपं नाही, हे मान्य. पण व्यापाराची वेसण घालायला निघालेल्या युरोपच्या कार्बन सीमाकराला (आयात माल बनवताना झालेल्या उत्सर्जनावरचा कर) विरोध करणाऱ्यांत आपणही आहोतच.

– एक वाचक, डोंबिवली