आई, ते नुसतं पित्त नसावं

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलले असते, पण फोनवर आई “मी बरी आहे, तू जेवलीस का?” म्हणून विषय मिटवते. म्हणून लिहिते आहे. आधीच सांगून टाकते, पुढच्या शनिवारची मांडवी एक्स्प्रेसची दोन तिकिटं काढली आहेत. सहा-आठ आठवडे ठाण्यालाच राहायचं. आई, रागावू नकोस. लेकीकडे इतके दिवस कसं राहायचं, हे तर बोलूच नकोस, तिकिटं तुझ्या जावयानेच काढली.

गणपतीत मोदकाचं पान समोर आलं आणि तू पदर तोंडाला लावून पडवीत गेलीस. मी पाहिलं होतं. बाबा म्हणाले पित्त, मीही हो म्हटलं. वर्षभर आपण हेच करतोय. आलेपाक झाला, कोकम झालं, मोरावळा झाला, आता रोजची पित्ताची गोळी.

परवा इथल्या डॉक्टरांना तुझे रिपोर्ट दाखवले. थायरॉईडच्या तपासणीतला टीएसएच 18. तो साधारण 4 च्या आत असावा लागतो, वाढला म्हणजे थायरॉईड कमी पडतंय. मला वाटलं, तुझ्या थायरॉईडच्या गोळीची पॉवर वाढवतील. त्यांनी विचारलं, “गोळी कशाबरोबर घेतात?” मी म्हटलं, चहाबरोबर, कॅल्शियमही तेव्हाच. आणि बोलता बोलता माझीच जीभ अडखळली. ती कॅल्शियमची बाटली गेल्या दिवाळीत मीच आणली होती. “सगळ्या एकदम घेऊन टाक, विसरायला नको,” हेही माझंच. आई, तू फक्त माझं ऐकलंस गं.

कॅल्शियम त्या गोळीला पोटातच धरून ठेवतं, अंगात भिनूच देत नाही. थायरॉईड कमी पडलं की पोट आणि आतडी सुस्तावतात. सकाळची भाकरी दुपारपर्यंत जागची हलत नाही, पोट साफ होत नाही, मग मळमळ. त्यावर आपण पित्ताची गोळी देतो, तर पोटातलं आम्ल कमी झाल्याने थायरॉईडची गोळी आणखीच वाया जाते. तुझी ती भर उन्हाळ्यातली शाल आणि “पंखा बंद करा” यातलंच असणार. तरी डॉक्टर नुसत्या थायरॉईडवर थांबणार नाहीत. बीपीच्या गोळीने सोडियम कमी झालंय का, पित्ताशयात खडे आहेत का, तेही बघणार आहेत.

आठवतं, कराडला आजोळी जाताना कुंभार्ली घाटात मला गाडी लागायची? लिंबू नाकाशी धरून तू माझं कपाळ दाबून ठेवायचीस, कराड येईपर्यंत. हात अवघडला असं कधी म्हणाली नाहीस.

आता ऐक. थायरॉईडची गोळी उठल्याबरोबर, नुसत्या पाण्याबरोबर. चहा तासाभराने. हो, तासाभराने! कॅल्शियम रात्री जेवल्यावर. पित्ताची गोळी मनाने बंद करू नकोस, डॉक्टर सांगतील. थायरॉईडची डबल तर मुळीच नको, छातीत धडधड सुरू होईल. पॉवर तीच ठेवून नीट घ्यायची आणि सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं, म्हणून तर तेवढे दिवस. बाबा, उलट्या थांबेनात, ती गुंगल्यासारखी वाटली किंवा छाती जड झाली म्हणाली, तर शनिवारची वाट बघू नका. लगेच दवाखान्यात न्या, मला मागाहून कळवा.

इथे तुमची खोली मागच्या बाजूला आहे, रहदारी ऐकू येत नाही. कमोड आहे, लिफ्ट आहे. बाबांचा पेपर सकाळी सहाला दारात पडतो. तुळशीला पाणी घालायला शेजारच्या काकूंना सांगून ठेवलंय. देव डब्यातून आण, माझ्या देव्हाऱ्यात जागा केली आहे.

भाजणी दळून आणू नकोस, दमशील. आणलीसच तर थोडी आण, मागच्या वेळची संपली आहे.

तुमची,
चिमी