धोट्याखाली दोन ओळी जास्त लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात लालबागला माहेरच्या चाळीत गेले होते. तळमजल्यावर मंडळाची खोली आहे, एरवी तिथे कॅरम चालतो आणि गणपतीच्या आधी वर्गणीची पावती पुस्तकं असतात, त्या खोलीत पोरांनी तीन दिवस गिरणीच्या काळातल्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं होतं. उद्घाटन नाही, पाहुणे नाहीत, ग्रुपवर एक मेसेज आला बस. बदलापूरहून तासाभरासाठी म्हणून गेले आणि रात्रीची साडेदहाची गाडी पकडून परत आले, म्हणून हे पत्र.

दोन टेबलं जोडून त्यावर चादर घातलेली आणि वर घराघरातून आणलेल्या वस्तू. पत्र्याची ट्रंक, गिरणीचा बिल्ला, बदली कामगाराचं (म्हणजे कायम नसलेल्याचं) कार्ड, पगाराची पाकिटं, भजनाचे टाळ, कामगारांच्या नाटकाची पिवळी पडलेली हँडबिलं. आणि एक धोटा, म्हणजे साच्यावर (मागावर) कापड विणताना आडवं सूत इकडून तिकडे नेणारं लाकडी साधन. दीड वीत लांब, लाकूड हाताळून हाताळून गुळगुळीत झालेलं, दोन्ही टोकांना लोखंड, मधे कांडी (सूत गुंडाळलेली नळी) बसवायची खाच आणि बाजूला बारीकसं भोक. खाली कागदावर लिहिलेलं "धोटा, साचा खात्यात वापरत." एवढंच.

तिसऱ्या मजल्यावरचे एक काका आले, ऐंशीच्या पुढचे, त्यांनी धोटा उचलला आणि सरळ ओठाला लावला. म्हणाले, कांडी संपली की दुसरी बसवायची आणि सुताचं टोक ह्या भोकातून तोंडाने ओढायचं, पाळीभर हेच, कापसाचा भुगा पोटात जायचा तो वेगळाच. तेवढ्यात शेजारी उभे असलेले दुसऱ्या चाळीतले एक गृहस्थ म्हणाले, ह्या भोकामुळेच आमच्या आजोबांना साच्यावर घेतलं नाही. महाराच्या तोंडाचं सूत इतरांना चालायचं नाही, त्यामुळे जन्मभर त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईत, कमी पगारावर राहिले. दोघंही शांतपणे बोलत होते, भांडण वगैरे काही नाही, पण खोलीत एकदम कुणी बोलेना. बाबासाहेबांनी १९२८ च्या गिरणी संपात हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे लावून धरला होता, की जास्त पगाराच्या साचा खात्यात अस्पृश्यांना मज्जाव का. मी हे वाचलेलं होतं, पण ते भोक डोळ्यासमोर धरून पहिल्यांदाच बघितलं.

संपादक महाराज, सांगायचंय ते हेच. भायखळ्याचं राणीच्या बागेतलं म्युझियम १८७२ पासून तिथे आहे, मला ते फार आवडतं, मुलांना घेऊन किती वेळा गेले असेन. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत टेक्स्टाइल म्युझियमचं कधीपासून चाललंय, ते पण व्हावंच. पण काचेच्या आतला धोटा कुणी ओठाला लावणार नाही ना, आणि ज्यांनी तो लावलाय ते काका गुडघे धरून तिथपर्यंत जाणारही नाहीत. चाळीच्या खोलीत ते लुंगीवर आले. म्हणून ही छोटी प्रदर्शनं तिथल्या तिथेच, चाळीत, व्यायामशाळेत, समाजमंदिरात, वाचनालयात भरायला हवीत, आणि आत्ताच भरायला हवीत कारण सांगणारे आता थोडेच राहिलेत.

एक गोष्ट मात्र मला खटकली आणि ती मी पोरांना तिथेच सांगितली. सगळ्या वस्तू पुरुषांच्या. पितळेच्या डब्याखाली लिहिलं होतं "कामगाराचा डबा". अरे पण तो भरला कुणी? माझी आई खाणावळ चालवायची, दहा बाय बाराच्या खोलीत बारा गिऱ्हाईकं, पाळीप्रमाणे येऊन जेवून जायची, बहुतेक रत्नागिरी-सिंधुदुर्गचे, दोघे साताऱ्याचे. अशा बायकांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, गिरणगावच्या इतिहासात हे पण येतं की नाही? १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर, आणि आईच्या वहीत त्या महिन्यापासून प्रत्येक नावापुढे "बाकी" लिहिलेलं आहे. फेब्रुवारी बाकी, मार्च बाकी. तरी ती जेवायला घालत होती. पावसाळ्यापर्यंत एकेक जण गावी गेला, जाताना पाया पडून गेला, आणि वहीची पुढची पानं कोरी आहेत.

आता काळजीची गोष्ट. चौथ्या दिवशी त्याच खोलीत साखरपुडा होता म्हणून वस्तू पिशव्यांत भरून ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. चाळ रिडेव्हलपमेंटला जातेय, आणि घर रिकामं करताना काय होतं ते मला माहितीये. आमची खोली सोडली तेव्हा माळ्यावरचं सगळं भंगारवाल्याने नेलं, त्यात वडिलांचा बिल्ला आणि पास होता, मी समोर उभी होते आणि एक शब्द बोलले नाही. ते आजही टोचतं.

त्यामुळे जिथे जिथे असं काही भरवतायत त्या मंडळांना कळकळीची विनंती, टेबलावर एक वही ठेवा. वस्तू कुणाची, आणि बघायला आलेला माणूस ती हातात घेऊन काय बोलला, हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, मोबाईलवर रेकॉर्ड करा, प्रत्येक वस्तूचा फोटो काढा. लेबल दोन ओळींनी वाढलं तर बिघडत नाही. आणि बिल्डरबरोबर मीटिंगा चालू असतील तर जिमसाठी भांडता तसं नवीन बिल्डिंगच्या सोसायटी ऑफिसात एका काचेच्या कपाटासाठी पण भांडा, करारावर सह्या व्हायच्या आधीच, नंतर कुणी विचारत नाही. तुम्हालाही एक विनंती, नाटकांच्या जाहिराती रोज छापता तशी अशा प्रदर्शनांची दोन ओळींची सूचना फुकट छापत जा. मला कळलं ते केवळ भाच्याने मेसेज फॉरवर्ड केला म्हणून.

पोरं गणपतीत परत भरवणार आहेत. आईची वही मी देतेय, फेब्रुवारी ८२ चं पान उघडून ठेवायचं असं ठरलंय. फक्त नावांवर कागदाची पट्टी लावणार आहे, "बाकी"चे आकडे दिसू देत. त्या माणसांची नातवंडं अजून आजूबाजूलाच राहतात आणि ती बघायला येतील.

आपली,
एक वाचक, बदलापूर
(मूळ लालबाग)