पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आणि वनौषधींची तपासणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वनौषधींची सुरक्षितता आणि गुणकारिता सरकारने तपासावी की नाही, यावरची आपल्या अंकातली पत्रं मी वाचत आले आहे. तपासणी नको म्हणणाऱ्यांचा मुद्दा बहुतेक एकच असतो: माणसं पिढ्यान्‌पिढ्या ही औषधं घेत आली, अपाय असता तर एव्हाना कळला नसता का? मला हे अर्धं पटतं. उरलेल्या अर्ध्यासाठी हे पत्र.

पाला खाल्ला आणि तासाभरात उलट्या झाल्या, तर ते लक्षात राहतं. पुढची पिढी त्या झाडाच्या वाटेला जात नाही. पण अपाय काही वर्षांनी दिसणार असेल तर? ॲरिस्टोलोकिया या वेलवर्गीय वनस्पतींचं उदाहरण घ्या. युरोपात त्या शतकानुशतकं बाळंतिणींना दिल्या गेल्या, ‘बर्थवर्ट’ हे इंग्रजी नाव त्यावरूनच पडलं. चिनी वैद्यकातही त्यांच्या जाती वापरात होत्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन उतरवण्यासाठी दिलेल्या कॅप्सूलमध्ये ‘हान फांग-जी’ या चिनी वनस्पतीऐवजी ‘ग्वांग फांग-जी’ गेली. नावं जवळची, पण ग्वांग फांग-जी ही ॲरिस्टोलोकियाची जात. शंभराच्या आसपास रुग्णांच्या, बहुतेक स्त्रियांच्या, मूत्रपिंडांना इजा झाली. अनेकींवर डायलिसिसची किंवा प्रत्यारोपणाची वेळ आली आणि पुढे कित्येकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आज ॲरिस्टोलोकिक आम्ल माणसात कर्करोग घडवणारं म्हणून सिद्ध झालेल्या पदार्थांत गणलं जातं. झाडाची अदलाबदल कच्च्या मालाच्या साध्या तपासणीत पकडता आली असती. सावकाश भिनणारं विष मात्र इतक्या शतकांच्या वापरातही कुणाच्या नजरेत आलं नव्हतं. बाईला आज दिलेल्या मुळीचा आणि तिच्या पुढच्या आयुष्यातल्या कर्करोगाचा संबंध घरातल्या कुणी कसा लावायचा?

आमच्या घरातली गोष्ट सांगते. माझ्या थोरल्या बहिणीच्या हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ ठेवणारी गोळी तिला कायमची आहे. गुडघेदुखीसाठी कुणीतरी सुचवलेल्या वनस्पतीच्या कॅप्सूल तिने सुरू केल्या. पुढच्या तपासणीत रक्ताचे आकडे बिघडले. डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का? ताई म्हणाली, नाही. ती खोटं बोलली नव्हती. तिच्या लेखी ते औषधच नव्हतं. कॅप्सूल थांबवल्यावर आकडे जागेवर आले, पण दोष नेमका कशाचा हे शोधायची सोय नव्हती. डबीवर ‘शुद्ध वनस्पतिजन्य’ एवढंच छापलेलं. कोणती वनस्पती, तिचं मूळ की पान, किती मिलिग्रॅम, काहीच नाही.

ज्या वनस्पतीत खरोखर गुण आहे, तिच्या बाबतीत तर हे जास्तच महत्त्वाचं. ‘सेंट जॉन्स वर्ट’चा सौम्य आणि मध्यम नैराश्यात उपयोग होतो, हे चाचण्यांत दिसलं आहे. तीच वनस्पती यकृतातली विकरं वाढवते आणि इतर औषधांचा शरीरातून लवकर निचरा होतो. प्रत्यारोपित अवयव टिकवणारं सायक्लोस्पोरिन तिच्यामुळे अपुरं पडलेलं आहे, गर्भनिरोधक गोळ्याही निकामी ठरू शकतात. जे शरीरात काही घडवतं ते औषध आहे, मग ते कारखान्यात बनो की शेतात उगवो.

अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने अशी उत्पादनं ‘आहारपूरक’ ठरली. विक्रीआधी मंजुरी लागत नाही, आणि धोका आहे हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर. वजन उतरवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या एफेड्रा या वनस्पतीने हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू ओढवल्याच्या तक्रारी येत राहिल्या, तरी बंदी यायला २००४ उजाडलं. मधल्या वर्षांची किंमत ग्राहकांनी मोजली.

गुणकारितेच्या बाबतीत मात्र मी थोडी सैल आहे. नव्या रेणूइतक्या महागड्या चाचण्या प्रत्येक काढ्याला लावल्या, तर परवडतील त्या फक्त मोठ्या कंपन्यांना, आणि जुन्या वनस्पतीचं पेटंट मिळत नसल्याने त्याही फिरकणार नाहीत. युरोपीय संघाने २००४ मध्ये काढलेला मार्ग मला रास्त वाटतो. निदान ३० वर्षांचा वापर, त्यातला साधारणपणे १५ वर्षांचा संघातलाच, दाखवता आला तर नोंदणी मिळते. दर्जाची तपासणी चुकत नाही, आणि ही नोंदणी केवळ दीर्घ वापराच्या आधारावर आहे हे वेष्टनावर छापावं लागतं. शिवाय ही सवलत डॉक्टरांची देखरेख लागत नाही अशा किरकोळ तक्रारींपुरतीच आहे. मधुमेह, कर्करोग, मूत्रपिंडाचे आजार यांवर ‘रामबाण’ म्हणायचं असेल, तर पूर्ण चाचण्याच हव्यात. तिथे माझी कसलीही तडजोड नाही, कारण असल्या दाव्यावर विसंबून माणसं चालू असलेले उपचार सोडतात.

तपासणी म्हणजे परंपरेचा अवमान, हे तर मला मुळीच पटत नाही. चीनच्या शास्त्रज्ञ तू योयो यांनी चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात वाचलं की हिवतापावर छिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून घ्यावी. उकळायचा उल्लेख नव्हता. त्यावरून त्यांनी उष्णता टाळून कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला, हिवतापावरचं आर्टेमिसिनिन हे औषध हाती लागलं, आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्या जुन्या वैद्याच्या एका ओळीला याहून मोठा मान कुणी दिला असता? तरीही त्याच वनस्पतीचा चहा हिवतापासाठी घेऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. द्रव्याचं प्रमाण दर वेळी बदलतं, म्हणून.

माझी मागणी थोडक्यात: वनस्पतीचं शास्त्रीय नाव, वापरलेला भाग आणि मात्रा प्रत्येक डबीवर असावी. शिसं, पारा, आर्सेनिक आणि चोरून मिसळलेली स्टेरॉइडं यांची तपासणी विक्रीआधी व्हावी. अपाय झाला तर रुग्णालाही तो थेट नोंदवता यावा.

ताईचे डॉक्टर आता ‘दुसरं औषध चालू आहे का’ असं विचारत नाहीत. घरात डबीतून, बाटलीतून, पुडीतून जे काही पोटात जातं ते पिशवीत घालून आणा, म्हणतात. ती इमानाने नेते. गेल्या खेपेला त्यातल्या दोन डब्या हातात घेऊन ते बराच वेळ फिरवून पाहत होते. वाचण्यासारखं त्यांवर काही नव्हतं.

आपली,
एक वाचक