आरे-वारेच्या चढावर थांबलेल्या टेम्पोवाल्या दादांना

दादा,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. गाडीचा नंबर मात्र माझ्याकडे आहे आणि तो कसा आला हे तुम्हाला माहीत आहे. हे पत्र त्यासाठीच.

त्या दिवशी आम्ही देवरुखहून उजाडताच निघालो होतो. मार्लेश्वरच्या पाचशेवर पायऱ्या आई 'आलंच आता' म्हणत चढली. गुहेत समयांच्या उजेडात दर्शन आणि बाहेर धारेश्वर धो धो कोसळतोय. गणपती होऊन गेले तरी पाण्याचा जोर असा, की चष्मा पुसून पुसून ओढणी भिजली. आई धबधब्यासमोर बसली ती उठेचना. मग मालगुंडला केशवसुतांचं घर, पुढे गणपतीपुळे. तिथली डोंगराची प्रदक्षिणा आईने 'पुढच्या वेळी रे बाबा' असं देवालाच सांगून टाळली. आणि शेवटी, लेकाने सकाळपासून ज्याच्यासाठी डोकं खाल्लं होतं तो आरे-वारेचा रस्ता. वळण संपतं आणि खाली एकदम समुद्रच.

चाक नेमकं तिथे बसलं. स्टेपनी सकाळीच चढवलेली होती आणि आधीचं पंक्चर चाक डिकीत तसंच. 'रत्नागिरीत काढू सावकाश' हे शहाणपण माझंच.

ज्यांना दरवर्षी पैसे भरतो, त्या मदत क्रमांकावरच्या बाईंनी तीनदा लँडमार्क विचारला. मी म्हटलं, समुद्र. त्यांनी होल्डवर टाकलं ते टाकलंच. मग तीन गाड्या येऊन थांबल्या. वाटलं, सुटलो. त्यातला एक जण उतरून म्हणाला, "जरा बाजूला होता का? फोटोत येताय." अंधारायला लागलं होतं, पाऊस भुरभुरत होता आणि आई कठड्यावर प्लास्टिकची पिशवी टाकून गुडघे चोळत बसली होती.

तुम्ही समोरून आलात. टेम्पोत मासळीचे रिकामे ट्रे, म्हणजे दिवसभराचं काम उरकून घरी निघाला असणार. काही न विचारता डिकीतलं चाक उचललंत, टेम्पोत टाकलंत आणि टेम्पो आल्या वाटेने वळवलात.

आम्ही ठाण्याचे. अनोळखी माणसाच्या हातात आम्ही किल्लीसुद्धा देत नाही, इथे तर अख्खं चाक चाललं होतं. समुद्राचा फोटो काढतेय असं दाखवत मी तुमच्या नंबरप्लेटवर मोबाइल धरला. तुम्ही ते पाहिलंत. माझे कान तापले. तुम्ही सीटखालचं फडकं काढलंत, मागे गेलात आणि म्हणालात, "पुढचा चिखलाने भरलाय हो ताई. मागचा घ्या." आणि नंबर पुसून दिलात.

आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. रस्ता विचारणाऱ्याला 'पुढून डावीकडे वळा' सांगावं, तसं सांगितलंत. दादा, मदत करणारी माणसं मला याआधीही भेटली आहेत, नाही असं नाही. पण बहुतेकांना आपण त्यांच्यावर लगेच विश्वास टाकावा असं वाटतं, नाही टाकला तर ती दुखावतात. एकटी बाई, म्हातारी आई, लहान पोर, ही घाबरणारच, हे तुम्ही गृहीतच धरलं होतं. माझ्या भीतीचा तुम्ही अपमान करून घेतला नाहीत.

तासाभराने आलात, चाक बसवलंत, घेतलेत ते फक्त पंक्चरवाल्याचे पैसे. आईने मार्लेश्वरच्या प्रसादाचा नारळाचा तुकडा दिला, तो कपाळाला लावून खाल्लात आणि गेलात.

तो फोटो अजून मोबाइलमध्ये आहे. एमएच ०८, पुढचे आकडे स्वच्छ, आणि कोपऱ्यात फडकं धरलेला तुमचा हात.

आई ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते, फोटोचा भाग गाळून. म्हणून तो मी इथे लिहिला.

तुमची,
चढावरची ताई