बाटलीचा मोर राहू द्या, दुधाच्या पिशव्यांचं बोला

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही "टाकाऊतून टिकाऊ" म्हणून अख्खं पान दिलं होतं, बाटलीचा मोर, झाकणांचं तोरण, चमच्यांची आरशाची फ्रेम. फोटो झकास होते, खोटं कशाला बोलू. पण तसलाच मोर आमच्याकडं पोरीच्या शाळेसाठी झाला होता, त्याला ऐंशी-नव्वद रुपयांचे रंग, टिकल्या आणि डिंक आणला, पंधरा दिवस शोकेसमधे बसला, धूळ खाल्ली आणि गेला घंटागाडीत. नुसती बाटली भंगारवाल्यानं तरी घेतली असती, रंग फासल्यावर तो पण हात लावेना.

म्हणून म्हणते, जे काही करायचं त्यानं घरात एखादी वस्तू विकत आणायची वाचली पाहिजे, नाहीतर कचऱ्याला नटवून पुन्हा कचऱ्यातच टाकायचं झालं. आणि हे आमच्याकडं आधीपासून चालूच आहे की. रंगाची २० लिटरची बकेट ज्याच्या न्हाणीत नाही असं घर आमच्या गल्लीत दाखवा. खताच्या रिकाम्या गोण्या उसवून, एकमेकीला शिवून कडब्याच्या गंजीवर टाकतात, ताडपत्रीचे पैसे वाचतात. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणलं त्या साली तर आमच्याकडं टँकर आला की टिपाड, कॅन, तेलाचे डबे, जे हाताला लागेल ते रांगेत असायचं, कुणी प्लास्टिकला नावं ठेवली नाहीत.

आता माझा प्रयोग सांगते. घरी शिलाई मशीन आहे, तर दुधाच्या पिशव्या साठवून कूलरला कव्हर शिवायचं ठरवलं. पहिली खेप फसली, पिशव्या नुसत्या पाण्यानं खंगाळल्या होत्या, आठ दिवसात असला आंबूस वास सुटला आणि मुंग्यांची रांग लागली की आत्याबाई म्हणल्या, हे कव्हर आधी बाहेर काढ नाहीतर मी बाहेर जाते. मग दुसऱ्यांदा भांड्याच्या साबणानं आतून धुतल्या, उलट्या करून दोरीवर वाळवल्या. शिवताना प्लास्टिक मशीनच्या फुटाला चिकटतं, पुढं सरकत नाही, म्हणून वर-खाली वर्तमानपत्राची पट्टी धरायची आणि नंतर फाडून काढायची (तुमचाच पेपर होता, राग मानू नका). टाका मोठा ठेवायचा, बारीक टाक्यानं भोकं जवळ-जवळ पडून तिथंच फाटतं. अर्ध्या लिटरच्या साठेक पिशव्या लागल्या, कव्हर तीन वर्ष झाली टिकून आहे, पण घरात सावलीला आहे म्हणून. उन्हात ठेवाल तर एका उन्हाळ्यात कुरकुरीत होऊन चुरा होतो आणि तो चुरा मग मातीत जातो.

दुसरं, लिंबाच्या रोपाला दीड लिटरची बाटली. बूड कापायचं, तोंड खाली करून मुळाजवळ गाडायची. टोपणाला सुईनं भोक पाडलं तर आमच्या बोअरच्या क्षारानं ते दहा दिवसात बुजतं, त्यापेक्षा भोक मोठं करून सुती चिंधीची वात घालावी, पाणी झिरपत राहतं. कापलेलं बूड वर उलटं झाकायला विसरू नका, नाहीतर डास होतात.

काही गोष्टी मात्र वापरूच नयेत. कापूस-सोयाबीनच्या फवारणीचे डबे लोक धुऊन पाण्याला, रॉकेलला ठेवतात, ते तीनदा धुऊन भोकं पाडून निकामीच करायला पाहिजेत. आणि चूल पेटवायला पिशवी टाकतात तो धूर बाईच्याच नाकात जातो, त्यात एखादा पीव्हीसीचा तुकडा असला तर विचारूच नका.

सरकारचं म्हणाल तर राज्यात २०१८ लाच प्लास्टिकबंदी आली, तेव्हा दुधाच्या पिशवीमागं ५० पैसे परत मिळणार असं पण ठरलं होतं, आमच्या दुकानात कुणी ते दिल्याचं मी काही बघितलं नाही. मग २०२२ च्या १ जुलैपासून देशभर स्ट्रॉ, प्लास्टिकचे चमचे, प्लेटी बंद, वर्षाच्या शेवटी कॅरीबॅग कमीत कमी १२० मायक्रॉन जाडीची, म्हणजे पातळ पिशवी बंद. तरी बाजाराच्या दिवशी कोथिंबीर पातळ पिशवीतच मिळते आणि त्याच पिशवीत शिळी भाकरी बांधून रस्त्यावर फेकतात, गाय पिशवीसकट गिळते, ती तिच्या पोटातून बाहेर येत नाही. आमच्या घंटागाडीत ओला-सुका असे दोन कप्पे आहेत, पण मागून बघितलं तर मधला पत्राच नाही.

एक सोपं राहिलंच. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नका, लटकत राहू द्या, तो इवलासा तुकडा कुणीच वेचत नाही.

पुढच्या पुरवणीत असल्या वापरातल्या वस्तूंचे फोटो छापा, वाटल्यास कूलरच्या कव्हरचा मी पाठवते. आणि हो, तुमचा दिवाळी अंक प्लास्टिकच्या पाकिटात आला होता, ते पाकीट मी रेशन कार्डाला घातलंय.

आपली,
एक वाचक, जि. बीड