चुकलेली गोळी कुठे जाते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रानडुकरं आणि गव्यांनी हैराण झालेल्या शेतकऱ्यांना जुनाट बंदुकांऐवजी ताकदवान रायफलींचे परवाने द्यावेत, अमेरिकेतला शेतकरी नाही का गाडीत रायफल घेऊन फिरत, अशा अर्थाचं एक पत्र आपल्या अंकात वाचलं. लिहिणाऱ्याची चीड मला कळते. गेल्या वर्षी माझं सहा गुंठ्यांतलं भात डुकरांनी दोन रात्रींत लोळवलं. तरी रायफल नको, हे सांगायला हे पत्र. मी ती २१ वर्षं खांद्यावर वागवली आहे.

१९७९ साली बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरात भरती झालो. तेव्हा ७.६२ मिलिमीटरची एसएलआर रायफल असायची. तिची गोळी सेकंदाला आठशे मीटरच्या वर वेगानं सुटते. टार्गेट जवळ असलं तरी गोळीला ते ठाऊक नसतं, वाटेत काही आडवं आलं नाही तर ती दोन-तीन किलोमीटर जाते. म्हणून रेंजवर, म्हणजे गोळीबाराच्या मैदानावर, टार्गेटमागे गोळी अडवायला मातीचा उंच बांध, त्याला बट म्हणायचे, आणि त्याच्याही मागे लांबवर मोकळं रान. फायरिंगआधी लाल झेंडे चढायचे, कडेनं पहारेकरी उभे राहायचे. नवीन असताना माझी ड्यूटी बहुतेक वेळा तीच, गावच्या म्हशी हाकलायची. एखादी जरी आत दिसली तरी उस्ताद, म्हणजे शिकवणारे, शिटी मारून अख्खी कंपनी थांबवायचे, आणि मग म्हशीचा राग माझ्यावर निघायचा. संध्याकाळी झाडलेल्या काडतुसांचे रिकामे खोके मोजायचे. एक कमी भरला तर बॅटऱ्या घेऊन गवतात शोधायचा, जेवण त्यानंतर.

आता आमची वाडी बघा. माझ्या मळ्यापासून पहिलं घर दीडशे पावलांवर, मध्ये काजू नि फणस. घरामागे पायवाट, तिच्यापलीकडे आणखी चार घरं, मग शाळा. डुक्कर येतं ते काळोखात, आणि उभं राहून वाट बघत नाही. इथे बट कुठला, लाल झेंडा कुठला?

माझ्याकडे बाराबोरची एकनळी आहे, वडिलांच्या मागे माझ्या नावावर झालेली. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका रात्री फणसाखाली सळसळ झाली, बॅटरीच्या उजेडात डोळे चमकले, मी बार काढला. डुक्कर सुटलं आणि छर्रे शेजारच्या काकींच्या गोठ्यावर पडले. दोन कौलं फुटली. काकी कंदील घेऊन बाहेर आल्या आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. गाय आत रवंथ करत होती. सकाळी मी तीन कौलं नेऊन दिली, एक दंडाचं. त्या रात्री हातात रायफल असती तर कौलामागची मातीची भिंतही गोळीला पुरली नसती. भिंतीपलीकडे काकींचे यजमान झोपलेले होते.

हा फरक कायदा करणाऱ्यांना १९५९ सालीच कळला होता. शस्त्र कायद्याचं कलम १३ वाचा. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासायची ती. ती पुरणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, नळी किमान २० इंचांची. पिकाच्या राखणीसाठी रायफल तिथे कुठेच नाही. रायफलीच्या नळीला आतून पेचदार खाचा असतात, त्यामुळे गोळी गरगरत सरळ आणि लांब जाते. बाराबोरची नळी आतून साफ, छर्रे पसरतात आणि लवकर दमतात. लष्करी बोअरला, म्हणजे फौजेच्या मापाच्या नळीला, तर मनाईच आहे, त्याचा परवाना दिल्लीशिवाय मिळत नाही. पण थ्री फिफ्टीन (.३१५) बोअरची रायफल त्या मनाईत बसत नाही, तिचा परवाना जिल्ह्यातच होतो, आणि बाराबोरचे छर्रे जिथे दमतात तिथून तिच्या गोळीचा प्रवास सुरू होतो म्हणा ना. २०१९ च्या दुरुस्तीच्या वेळी मात्र सगळं भांडण झालं ते आकड्यावरून. माणशी तीन शस्त्रांची दोन झाली, आधीच्या मसुद्यात तर एकच होतं. माझ्यासारख्या एकनळीवाल्याला तीन काय नि दोन काय! नळी कुठली, यावर कुणी एवढा घसा कोरडा केला असता तर बरं झालं असतं.

अमेरिकेचा दाखला देणाऱ्यांनी टेक्सासमधलं युवाल्डीही आठवावं. २०२२ साली तिथल्या शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. मारणारा अठरा वर्षांचा, एआर-१५ धाटणीची, फौजी रायफलीसारखी दिसणारी रायफल त्यानं कायदेशीर विकत घेतलेली. शेतकऱ्यांचाच दाखला हवा तर ऑस्ट्रेलिया घ्या. १९९६ साली पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेल्यावर सरकारनं सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे दर बारानंतर पुढची गोळी आपोआप चढणाऱ्या, रायफलींवर कडक बंदी आणली आणि साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे मोजून परत घेतल्या. शेतकऱ्यांना साध्या रायफली ठेवता आल्या, हे खरं. पण तिथलं एकेक शेत आमच्या अख्ख्या गावाहून मोठं!

गव्याचं तर नावच काढू नये. तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, शेतात शिरला म्हणून कुणी त्याला गोळी घालू शकत नाही, मग बंदूक कुठलीही असो. डुकरालाही वनखात्याची परवानगी लागते.

मागायचंच तर हे मागा. राखणीच्या बंदुकीचं नूतनीकरण पावसाआधी हातावेगळं करा. निवडणूक लागली की कुणाची बंदूक जमा करायची हे छाननी समितीनं माणूस बघून ठरवायचं असतं, ते तसं ठरवा. ऐन कापणीच्या तोंडावर सगळ्या वाडीच्या नळ्या एका खोलीत कुलूपबंद करून काय साधतं?

माझा परवाना नूतनीकरणाला जाऊन चार महिने झाले, बंदूक जमा आहे. भात पोटरीला आलंय. सध्या मी आणि नातू रात्री मळ्यावर बसून पत्र्याचा डबा वाजवतो. पहिले दोन दिवस डुकरं घाबरली.

– एक माजी हवालदार, जि. सिंधुदुर्ग
(कृपया नाव छापू नये)