विक्रीच्या फ्लॅटमधला उजेड

महोदय,

जुना फ्लॅट विकायला काढला की रंगकाम होतं, दिवे मात्र तसेच राहतात. गिऱ्हाईक नोकरदार, तो येतो संध्याकाळी सातनंतर. हॉलमध्ये एक दिवा पांढरा, दुसरा पिवळा दिसला की नवा रंगही कळकट वाटतो.

एका खोलीत एकाच छटेचे दिवे हवेत. छटा खोक्यावर केल्विनमध्ये छापलेली असते; आकडा कमी तर उजेड पिवळा, जास्त तर पांढरा. हॉल-बेडरूमला 3000 ते 4000, किचनला 4000. सरसकट 6500 चे बल्ब लावायची आपली सवय घराचा दवाखाना करते. दहा बाय बाराच्या खोलीला 20 वॉटची एक एलईडी बॅटन, म्हणजे साधारण 2000 ल्युमेन (उजेडाचं माप), पुरते. सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, 80 च्या खाली नको.

खरी गोची किचनमध्ये. दिवा छताच्या मध्यभागी, ओटा भिंतीला. उभं राहिलं की आपलीच सावली ओट्यावर. वरच्या कपाटाखाली, पुढच्या कडेला, झाकणाच्या ॲल्युमिनियम चॅनलमध्ये 12 व्होल्टची एलईडी पट्टी बसवावी. मागे बसवली तर चकचकीत टाइल्सवर ठिपके उमटतात. ड्रायव्हर, म्हणजे पट्टीला 12 व्होल्ट पुरवणारा डबा, पट्टीच्या वॉटपेक्षा 20 टक्के जास्त क्षमतेचा घ्यावा आणि शेगडीपासून लांब ठेवावा. उष्णतेने तोच आधी जातो.

बटण बंद करूनही एलईडी मिणमिणत असेल तर कारण बहुधा बटणातला इंडिकेटर. पण बटण फेजऐवजी न्यूट्रलच्या वायरवर जोडलेलं असलं तरी हेच होतं, आणि मग होल्डरमध्ये करंट राहतो. घर दाखवण्याआधी वायरमनकडून तपासून घ्यावं.

ओल आलेला कोपरा मुद्दाम अंधारात ठेवणं मात्र लबाडी. तिथे आधी प्लंबर बोलवावा.

— प्रकाशयोजनेचं काम करणारे काही वाचक, पुणे